सागूचे गाव, तेलाचा जिल्हा

घरात कुणाला ताप आला की अम्मी साबुदाण्याची पातळ खीर करायच्या. दूध, साखर, वेलची आणि वर चमचाभर तूप. पोटाला हलकी आणि अंगात ताकद आणणारी, असे त्या म्हणत. हा साबुदाणा येतो कुठून, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पुढे कळले, की आपल्याकडचा साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमकडे कसावाच्या कंदापासून होतो. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद पडला, तेव्हा कसावाने त्याची जागा घेतली. त्याआधीचा खरा साबुदाणा एका ताडासारख्या झाडाच्या खोडातून निघायचा. मलय भाषेत त्या झाडाला आणि त्याच्या पिठाला सागू म्हणतात, आणि आपण खातो त्या दाण्याचे नावही तिकडूनच आले आहे.

गेल्या वर्षी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत त्या सागूच्या गावात राहण्याचा योग आला. आमचा पुतण्या इंडोनेशियातल्या बातामच्या एका जहाज कारखान्यात नोकरीला आहे. आम्ही दोघे नवरा-बायको त्याला भेटायला गेलो होतो. त्याच्याबरोबर काम करणारा एक मलय तरुण सुट्टीवर गावी निघाला होता. आम्ही कोकणातले, शाफई जमातीचे, हे कळल्यावर तो हसून म्हणाला, "मग तर तुम्ही आमच्याच घरचे. चला, आमच्या गावी रोजा सोडायला." दोन दिवसांनी आम्ही त्याच्यासोबत बोटीत बसलो होतो.

बोटीने गावाकडे

गावाचे नाव सुंगाई तोहोर. सुमात्रा बेटाच्या पूर्वेला, मलाक्काच्या सामुद्रधुनीत, रियाऊ प्रांताची लहान-मोठी बेटे आहेत. त्यांतल्या मेरबाऊ, रांगसांग आणि तेबिंग तिंगी या तीन बेटांच्या नावांतली अक्षरे जोडून 'मेरांती' हे जिल्ह्याचे नाव झाले. 2009 च्या कायद्याने हा जिल्हा बेंग्कालिसपासून वेगळा निघाला. मेरांती हे तिकडच्या एका इमारती लाकडाच्या झाडाचेही नाव आहे.

बातामहून सेलात्पांजांग या जिल्ह्याच्या गावी बोटीने तीन-साडेतीन तास लागतात. बंदराचे हे गाव चिनी आणि मलय लोकांचे. एका गल्लीत अगरबत्तीचा वास, तर दुसऱ्या गल्लीत इफ्तारीच्या गाड्या मांडलेल्या. रस्त्यावर तीनचाकी सायकल रिक्षा. तिथून एका लहान स्पीडबोटीने बेटाला वळसा घालून आम्ही पूर्व किनाऱ्याकडे निघालो. किनाऱ्याला कांदळवन आहे, पण मध्ये मध्ये ते तुटलेले आहे. तिथे समुद्राने काळी जमीन कापून नेली आहे आणि झाडे मुळांसकट पाण्यात आडवी पडली आहेत. आमच्या यजमानाने एका ठिकाणी बोट दाखवून सांगितले, "माझ्या आजोबांची नारळाची बाग तिथे होती." तिथे आता निव्वळ पाणी होते.

नदीच्या मुखातून आत शिरलो आणि पाण्याचा रंग बदलला. दूध न घातलेल्या कडक चहासारखे लालसर-काळे पाणी. दोन्ही काठांना खांबांवर उभी लाकडी घरे. पाण्यात ओंडक्यांचे तराफे बांधून ठेवलेले. आणि हवेत एक आंबूस वास, जो पहिल्या दिवशी नको वाटतो आणि तिसऱ्या दिवशी जाणवतही नाही. तो सागूच्या चोथ्याचा वास.

ओंडक्यापासून ताटापर्यंत

यजमानाच्या आईला सगळे 'मक चिक' म्हणत, म्हणजे मावशी किंवा काकू. वडिलांना 'पाक चिक'. आम्हीही तेच म्हणू लागलो. भाषा येत नव्हती, पण अडचण फारशी आली नाही. त्यांच्या बोलण्यात आपले निम्मे शब्द सापडतात. बातमीला काबार, विचाराला पिकिर, वेळेला वाक्तू, कारणाला सेबाब, खुर्चीला कुर्सी, जगाला दुनिया, नशिबात आलेल्या कमाईला रेजेकी. खबर, फिकिर, वक्त, सबब आणि रिज्क हे शब्द एकाच अरबी झऱ्यातून त्यांच्याकडे समुद्राने आणि आपल्याकडे समुद्राने व जमिनीने आले.

सकाळी आमची दोन दिशांना पांगापांग व्हायची. एक जण पाक चिकबरोबर रानात आणि कारखान्यात, एक जण मक चिकबरोबर चुलीपाशी. रात्री दोघांनी पाहिलेले एकमेकांना सांगायचो. तेच इथे एकत्र लिहीत आहोत.

सागूचे झाड पाणथळ जमिनीत वाढते. लावल्यापासून आठ ते बारा वर्षांनी ते तोडायला येते. फुलोरा धरायच्या आधीच तोडावे लागते, कारण खोडात साठलेले सगळे पीठ झाड फुलाफळांवर खर्च करते आणि मग स्वतः मरते. एक झाड तोडले की त्याच्या बुडाशी आलेली पिल्ले वाढू लागतात. त्यामुळे पुन्हा लावणी करावी लागत नाही. पाक चिक म्हणाले, "हे बेट माझ्या आजोबांनी लावले. मी खातो आहे, नातू खाईल." आम्हाला सदका-ए-जारियाची आठवण झाली.

तोडलेल्या खोडाचे साधारण मीटरभर लांबीचे तुकडे करतात. त्यांना टुआल म्हणतात. हे टुआल कालव्यापर्यंत ढकलत नेतात, एकाला एक बांधून तराफा करतात आणि भरतीच्या पाण्यावर कारखान्यापर्यंत वाहून आणतात. कारखान्याला किलांग म्हणतात. तिथे साल काढून गाभा किसतात, पाण्याने धुतात आणि ते पांढरे पाणी टाकीत स्थिर होऊ देतात. तळाशी पीठ बसते. एका झाडापासून दीडशे-दोनशे किलो पीठ मिळू शकते. बरेचसे पीठ ओल्या अवस्थेतच बोटींनी जावा बेटावरच्या चिरेबोनला आणि पलीकडे मलेशियाला जाते. सालीचे जळण होते. चोथा मात्र बहुतेक नदीत जातो, आणि त्यामुळे मासळी कमी झाली, अशी तक्रार गावातल्याच कोळ्यांची आहे.

रोजे धरून हे काम करणारी तरुण मुले पाहिली, तेव्हा मन भरून आले. पाठीवर घामाच्या धारा आणि ओठ कोरडे. विषुववृत्त इथून जवळच आहे. त्यामुळे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात रमजान येवो, रोजा साधारण तेवढ्याच तासांचा, सवातेरा-साडेतेरा तासांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक त्यांना माहीत नाही. "तुमच्याकडे दिवस लहान-मोठा होतो?" हे मक चिकनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

इफ्तारला खजूर, नारळपाणी आणि सागूचे पदार्थ. मी सागू म्हणजे सागूच्या जाड शेवया, सुकी मासळी आणि कांद्याच्या पातीबरोबर परतलेल्या. लेम्पेंग म्हणजे सागू आणि खोबऱ्याची तव्यावर भाजलेली जाड भाकरी. ती थेट आपल्या तांदळाच्या भाकरीच्या कुळातली. आणि सेम्पोलेट. उकळत्या पाण्यात सागू घोटून केलेली पारदर्शक पेज, तिच्यात कोळंबी, मासे आणि रानातल्या नेच्याची कोवळी पाने. पहिला घास घशाखाली सरकला तो चावायला मिळालाच नाही. मक चिक हसल्या. म्हणाल्या, तांदूळ बाहेरून येतो, बोट आली नाही तर येत नाही. सागू दारात आहे. जुन्या काळी युद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा या बेटांनी सागूवर दिवस काढले, असे त्यांच्या सासूबाई सांगत.

तेल कुठे जाते?

रियाऊमध्ये एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. वरही तेल, खालीही तेल. वरचे तेल पामचे, खालचे खनिज. सुमात्राच्या मुख्य भूमीवरची दुरी आणि मिनास ही तेलक्षेत्रे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडली आणि पुढे इंडोनेशियाच्या तेलाचा मोठा आधार झाली. मेरांती जिल्ह्यातही पडांग बेटावर तेलविहिरी आहेत. देश 1962 मध्ये तेल निर्यातदार देशांच्या ओपेक संघटनेत गेला, आणि या शतकाच्या सुरुवातीला निर्यातीपेक्षा आयात जास्त होऊ लागली.

तरी ज्या जिल्ह्याच्या पोटातून तेल निघते, तो मेरांती रियाऊ प्रांतात सर्वांत गरीब गणला गेला आहे. 2004 च्या कायद्याने खनिज तेलाच्या उत्पन्नातले 84.5 टक्के केंद्राकडे आणि 15.5 टक्के प्रांत व जिल्ह्यांकडे, अशी वाटणी ठरली. डिसेंबर 2022 मध्ये मेरांतीच्या जिल्हाप्रमुखाने भर बैठकीत अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांना खडसावले. आमचे तेल नेता आणि आम्हाला काय देता, असा त्याचा सूर होता. शेजारच्या देशात जाऊ का, इथपर्यंत तो बोलला. गावोगावी टाळ्या पडल्या. चारच महिन्यांनी, एप्रिल 2023 मध्ये, ऐन रमजानात भ्रष्टाचारविरोधी आयोगाने त्याच माणसाला अटक केली, आणि पुढे न्यायालयाने त्याला तुरुंगवास दिला.

ही गोष्ट सांगताना पाक चिकच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "त्याचे बोलणे खरे होते," ते म्हणाले, "म्हणूनच जास्त दुःख झाले." खरे बोलणाऱ्यानेच अमानत मोडली, तर गरिबाचे खरेपणही लोकांना खोटे वाटू लागते. हे आपल्याकडेही आपण पाहतोच.

गावातले तरुण पलीकडे मलेशियात कामाला जातात. सामुद्रधुनी ओलांडली की जोहोरचा किनारा. कोकणातल्या आमच्या गावात ज्या घरातला माणूस आखातात नाही, असे घर शोधावे लागते. इथेही तसेच. मक चिकचा धाकटा मुलगा ईदनंतर जाणार होता. त्याच्या बॅगेकडे त्या पाहत नव्हत्या.

बांधावरची रात्र

इथली जमीन आपल्यासारखी मातीची नाही. हजारो वर्षे पाण्यात पडून राहिलेला, पूर्ण न कुजलेला पालापाचोळा आणि लाकूड यांचा तो थर आहे. मलय भाषेत त्याला गाम्बूत म्हणतात. काही ठिकाणी तो कित्येक मीटर जाड असतो. ओला असतो तोवर स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. वाळला की तो जळणच. वरची आग विझली तरी आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. शिवाय पाणी गेले की जमीन खचते, आणि खचलेल्या जमिनीवर समुद्र चढून येतो. पाक चिकच्या वडिलांच्या बागेचे काय झाले, ते त्या खचण्यानेच समजावून सांगितले.

काही वर्षांपूर्वी गावामागच्या रानात एका कंपनीला कागदाच्या लाकडासाठी लागवडीचा परवाना मिळाला. तसली झाडे कोरड्या जमिनीत वाढतात, म्हणून कालवे खणून रानातले पाणी समुद्रात सोडले गेले. 2014 च्या सुरुवातीला आग लागली. सागूच्या बागा गेल्या. मुलांना खोकल्याने झोप येईना. गावातल्या एका साध्या माणसाने इंटरनेटवर राष्ट्राध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला, की एकदा इथे येऊन आमचा धूर पाहा. हजारो लोकांनी त्यावर सह्या केल्या. 27 नोव्हेंबर 2014 रोजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो खरोखर सुंगाई तोहोरला आले आणि कालव्यावर बांध घालायच्या कामाला त्यांनी स्वतः हात लावला. पुढच्या वर्षी देशात सुमारे 26 लाख हेक्टर क्षेत्र जळले, आणि 2016 मध्ये अशा जमिनी वाचवण्यासाठी वेगळी सरकारी संस्था स्थापन झाली. गावामागच्या कंपनीचा परवाना गेला आणि रानाची राखण गावांकडे आली.

बांध म्हणजे काही मोठे धरण नव्हे. कालव्यात लाकडी खांबांच्या दोन ओळी ठोकायच्या, मध्ये मातीच्या गोण्या भरायच्या आणि जादा पाणी जायला वर एक खाच ठेवायची. मागचे पाणी वर चढते आणि रान ओले राहते. पाण्याची पातळी जमिनीखाली 40 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही, असा सरकारी नियमही आहे. सागूला ओलच हवी असते. म्हणून पीकही टिकते आणि आगही लागत नाही.

पण बांध अडवतोही. आम्ही होतो तेव्हा पाच-सहा आठवडे नीट पाऊस नव्हता. एका विधवा बाईच्या बागेतले टुआल कालव्याच्या वरच्या अंगाला अडकले होते. ईदच्या आधी ते किलांगला पोहोचले नाहीत तर पैसे मिळणार नव्हते. तिच्या भावाचे म्हणणे, बांध एक रात्र फोडू, तराफा काढू, सकाळी पुन्हा भरू. तरावीहनंतर सुराऊमध्ये, म्हणजे गावाच्या लहान नमाजखान्यात, माणसे बसली. बायका पडद्यापलीकडे होत्या, पण बोलत होत्या. त्या विधवा बाई स्वतः बोलल्या. सागू त्यांचा, गरज त्यांची.

भाऊ रागाने म्हणाला, "पोटाला पाणी महाग झाले का?" कुणीच उत्तर दिले नाही. मग एक म्हातारे गृहस्थ बोलले. त्यांचे बोलणे आमच्या यजमानाने आम्हाला हळूच समजावले. ते म्हणाले, 2014 मध्ये माझी नात सहा महिन्यांची होती, ओला टॉवेल तोंडावर धरून आम्ही तिला बोटीने बाहेर काढले. पाणी एका रात्रीत जाते, परत यायला पावसाळा लागतो. ते पाणी या बाईचे आहे, तसेच त्या मुलीचे आहे. पण या बाईची ईदही आपल्या सगळ्यांवर आहे.

थोडा वेळ शांतता होती. मग कुणी तरी म्हणाले, "बांध राहू दे. टुआल उचलून पलीकडे टाकू."

सहरीच्या आधी, विजेऱ्यांच्या उजेडात, तीस-पस्तीस माणसे कालव्यावर गेली. बांधावर ओंडक्यांची उतरण केली आणि एकेक टुआल दोरीने ओढून पलीकडच्या पाण्यात सोडला. आमच्यापैकी एकाने दोन तास दोरी धरली. हाताला फोड आले. ते बोलण्यासारखे नाहीत, पण त्यांचा अभिमान वाटतो, हे लपवत नाही. बायकांनी काठावर चहा आणि लेम्पेंग आणले. फज्रच्या अजानला शेवटचे तीन टुआल उरले होते, ते नमाजनंतर ओढले. त्या फज्रला इमामांनी दुसऱ्या रकातीत दुआ-ए-कुनूत पढली, जशी आमच्या गावच्या मशिदीत पढतात. हजारो मैलांवर, अंगाला चिखल, आणि तीच दुआ. डोळे ओले झाले.

दिव्यांची रात्र

सत्ताविसाव्या रात्री गाव उजळले. या बेटांवर त्या रात्रीला तुजुह लिकुर म्हणतात. पोरांनी आठवडाभर खपून लाकडाची उंच चौकट उभी केली होती. त्यावर तारांनी बाटल्या आणि डबे टांगले होते, प्रत्येकात वात आणि रॉकेल. या दिव्यांना लाम्पू चोलोक म्हणतात. अंधार पडल्यावर एकेक वात पेटवत गेले आणि काळोखात घुमट, मिनार आणि चंद्रकोर असलेली एक मशीद उभी राहिली. पूर्वी वीज नव्हती, तेव्हा लोकांना नमाजला आणि जकात द्यायला जाताना वाट दिसावी म्हणून दारोदार दिवे लावत. त्याचीच ही प्रथा झाली, असे म्हणतात.

रॉकेल महाग आहे. 2007 पासून सरकारने घरगुती रॉकेल कमी करून गॅस दिला, तेव्हापासून ते स्वस्त राहिले नाही. पोरांनी घरोघर वर्गणी काढून ते आणले होते. तेलाच्या जिल्ह्यात दिव्यापुरते तेल वर्गणीने आणायचे. पाक चिकनी हे आम्हाला सांगितले आणि स्वतःच हसले.

गर्दीत त्या विधवा बाई मुलांना घेऊन आल्या होत्या. टुआलचे पैसे मिळाले होते. मुलांच्या अंगावर नवे कपडे होते. मक चिकचा धाकटा मुलगा चौकटीच्या टोकावर चढून चंद्रकोरीतले दिवे लावत होता. त्या खालून त्याला ओरडत होत्या, "उतर, पडशील!" तो उतरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मक चिकनी सागूच्या भाजलेल्या दाण्यांची पिशवी हातात दिली आणि आमचे हात धरून म्हणाल्या, "माफ, झाहिर बातिन." ईदला तिकडे सगळे हेच म्हणतात. उघड आणि मनातले, जे काही चुकले असेल ते माफ करा. भाषांतर लागले नाही. आम्हीही तेच म्हणालो.

घरी आल्यावर त्या दाण्यांची खीर केली. आपल्या साबुदाण्यासारखी ती मोत्यांसारखी फुलली नाही. जरा दाट झाली, आणि तिला धुराचा हलका वास होता. चुलीचाच तो, हे आम्हाला माहीत आहे. तरीही खाताना 2014 ची आठवण निघाली, आणि आमच्या धाकट्याने विचारले, "तिकडे आता पाऊस पडला का?" पुतण्याला फोन करून विचारले. पडला होता, अल्हम्दुलिल्लाह. बांध भरून वाहत होता. मक चिकचा मुलगा मात्र पलीकडे गेला होता. त्याला तिकडे हलालची रोजी मिळो आणि त्याच्या वाट्याचा सागू त्याची वाट पाहत उभा राहो, एवढी दुआ वाचकांनीही करावी.